परवडणारी आणि भरवशाची बंदूक

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही. डोक्यात विचार स्वच्छ असले की ते कुठेतरी उतरवून ठेवावेत, एवढ्यासाठी.

दुकान फुटलं त्याला पंधरवडा झाला. माझं कुलपांचं दुकान, या बाजारात तीस वर्षं. चोरांनी शटरचं कुलूप तोडलं, गल्ला रिकामा केला, आणि जाताना तुटलेलं कुलूप काउंटरवर, 'आजन्म गॅरंटी'च्या पाटीखाली, व्यवस्थित मधोमध ठेवून गेले. ह्याला चोरी म्हणत नाहीत. ह्याला थोबाडीत मारणं म्हणतात.

शेजारचा गादीवाला तेव्हापासून रोज सकाळी विचारतो, काय शेठ, आज आहे का जागेवर दुकान? मी उत्तर देत नाही. ज्याने जन्मभर लोकांना झोपवायचा धंदा केला त्याला जागं राहणं काय कळणार.

निर्णय झाला. कुलूप हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे बंदूक. शॉटगन, पंप-ॲक्शन, परवडणारी आणि भरवशाची. दुकानासाठी नव्हे, घरासाठी. मे महिन्यात मुलगी नातवाला घेऊन वर्षभर आमच्याकडे राहायला येणार आहे. जावई कामानिमित्त परदेशात, हिची नोकरी पुन्हा सुरू होणार, बाळाला आम्ही दोघं सांभाळणार. नातू आता आठ महिन्यांचा आहे. घरात एवढंसं मूल असताना आजोबाने हातावर हात ठेवून बसायचं?

बाजारात झालेल्या अपमानाचा या निर्णयाशी काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, त्यापेक्षा जिन्याला कठडा लावा. पोरगी महिनाभर तेच सांगतेय.

आमचा वरच्या खोलीचा जिना एका बाजूने उघडा आहे, तेवढ्यावरून. म्हटलं, कठड्याने चोर अडतो का? म्हणाली, चोर नाही अडत, बाळ अडतं.

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. कठडाही करू. आधी बंदूक.

७ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. नळीखालची मूठ मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. मूठ पुढे ढकलायची, नवं काडतूस आत जातं. थोडक्यात कडी सरकवणंच. ज्याचं आयुष्य कडीकोयंड्यात गेलं त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा तो आवाज. खर्र-खट्ट. व्हिडिओतला तज्ज्ञ म्हणतो की नुसत्या या आवाजाने चोर पळतो. म्हणजे गोळी झाडायचीही गरज नाही. काडतुसांचा खर्च वाचला.

जेवताना बायकोला तोंडाने आवाज काढून दाखवला. म्हणाली, खोकला कधीपासून आहे?

११ फेब्रुवारी
बंदुकीच्या दुकानात गेलो. बंदूकवाला बोलतो मात्र कापडाच्या दुकानदारासारखा. हात लावून बघा काका, बघायचे पैसे पडत नाहीत. तीन काढल्या. पहिली काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, स्वस्त. दुसरी लाकडी दस्त्याची, देखणी, किंमत ऐकून मी तिला जपून खाली ठेवली. तिसरी सेकंडहँड. म्हणे एकाच हाताची आहे, मालकाने कधी वापरलीच नाही. मग विकली का? मालक गेले, मुलांना घरात नको होती.

स्वस्त आणि टिकाऊ एकाच खोक्यात मिळत नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना रोज सुनावतो. ते कुलपांच्या बाबतीत. इथे मी तासभर त्याच्याशी घासाघीस केली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, काका, तुम्हीही दुकानदारच दिसता. जाणकार माणूस लगेच ओळखू येतो.

घरात लहान मूल आहे का, त्याने विचारलं. म्हटलं, येतंय ना, त्याच्यासाठीच तर!  तो म्हणाला, भिंतीला ठोकलेलं कपाट लागेल, काडतुसं वेगळी ठेवावी लागतील, आणि कुलूप चांगलं हवं. मी हसलो. कुलूप आमच्याच दुकानचं. कुठलं दुकान? मी सांगितलं.

अच्छा, ते होय! म्हणाला, आणि एकदम खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

दुकानाचं नाव लांबवर पोचलंय.

१२ फेब्रुवारी
आजपासून व्यायाम. खांद्यात बळ हवं.

१३ फेब्रुवारी
उद्यापासून. आज पाठ धरली आहे.

१८ फेब्रुवारी
बायकोने परस्पर वेल्डरला बोलावलं. त्याने जिना मापला आणि कठड्याचा आकडा सांगितला. चार सळ्या आणि एक पाइप, त्याला एवढे पैसे? दिवसाढवळ्या दरोडा! अशाच लोकांसाठी घरात बंदूक असावी लागते. त्याला परत पाठवलं. ते पैसे बंदुकीच्या खात्यात.

मुलीचा फोन आला. बाबा, कठड्याचं काय झालं? म्हटलं, झाला समज. यात खोटं काही नाही. समज म्हटलं.

२६ फेब्रुवारी
परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेलो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. मला सर म्हणते.

पहिल्या गोळीला चष्मा कपाळावर गेला. गोळी कुठे गेली हे त्यामुळे मला दिसलं नाही, तिलाही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी रेंजची बंदूक, दुकानातल्या काळीसारखीच, अडकली. काडतूस ना आत ना बाहेर. तिने सोडवून दिलं, पुन्हा अडकली. मी लगेच निकाल दिला, की स्वस्तातली वस्तू ही अशीच. ती म्हणाली, सर, गनमध्ये दोष नाही. तुम्ही मूठ पूर्ण मागे ओढतच नाही. अर्ध्यात घाबरता आणि पुढे ढकलता.

घाबरतो? मी?

लाकडी दस्त्याची मागितली. तीही अडकली. म्हणजे दोन्ही सदोष. भरवशाची वस्तू बाजारात उरलेलीच नाही, हे आज प्रत्यक्ष पाहिलं.

दाखला मात्र मिळाला. देताना म्हणाली, सर, घरी वापरायची वेळ नका येऊ देऊ हं. किती काळजी आहे पोरीला माझी.

खांदा काळानिळा झाला आहे. बायको शेक देताना म्हणाली, चोर आला तर त्याला हा दाखवा, दया येऊन जाईल.

५ मार्च
कपाट आलं. उत्तम पोलाद. लाकडी दस्त्याची बंदूक आता परवडायची नाही हे खरं, पण पाया भक्कम हवा.

कपाट ठोकायला भिंत शोधली. आमच्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे नुसता मुलामा. खिळा मारला की बोटभर पोपडा खाली. शेवटी दमदार भिंत एकच सापडली, वरच्या खोलीतली बाहेरची. म्हणजे बाळाच्या खोलीतली. तिथे बोल्ट मारून पक्कं केलं, आणि बाळाची खाट बरोबर त्याच्या शेजारी लावली. घरातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात ताकदीची वस्तू एका नजरेत. असं डोकं चालायला अनुभव लागतो.

कपाटाला तीन कुलपं. तिन्ही आपली.

९ मार्च
आज तालीम. बंदूक अजून नाही म्हणून शटर ओढायचा लोखंडी आकडा कपाटात ठेवला. ठरलं असं, की बायकोने खालून चोर चोर ओरडायचं, मी वर धावायचं, कुलपं उघडायची, शस्त्र घेऊन खाली यायचं.

बायको ओरडायला तयार होईना. अगदी साध्या आवाजात म्हणाली, अहो, चोर आलेत, चहा टाकू का?

धावलो. कुलपांच्या किल्ल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. ड्रॉवरची किल्ली पँटच्या खिशात. पँट गच्चीवर वाळत. आकडा घेऊन खाली पोचलो तोवर बायकोची इस्त्री आटोपली होती. म्हणाली, बराच वेळ थांबले हो बिचारे, मग गेले.

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडताक्षणी आकडा रोखून तोंडाने खर्र-खट्ट केलं. कुरियरवाला होता. खोकं टाकून सही न घेता गेटवरून उडी मारून पळाला. आवाजाचं तंत्र शंभर टक्के खरं आहे, हे सिद्ध झालं.

खोक्यात बाळाचा टब होता. तडा गेलाय थोडा.

सुधारणा: तीनऐवजी एक कुलूप, आणि किल्ली कपाटाशेजारीच खिळ्याला. खिळा मुद्दाम खाली मारला. घाईत हात वर करायला नको.

१६ मार्च
मुलगी खोली बघायला आली, बाळाला घेऊन. एका दिवसासाठी.

नातू काय चलाख! खाली सोडल्याबरोबर रांगत खाटेपाशी गेला, खाट धरून उभा राहिला, आणि सरळ खिळ्यावरची किल्ली काढून तोंडात घातली. खोलीत एवढी खेळणी असताना किल्ली! घराण्याचं रक्त आहे. मी टाळ्या वाजवल्या.

मुलीने किल्ली त्याच्या तोंडातून काढली, ओढणीला पुसली आणि माझ्या हातात दिली. बाबा, या कपाटात काय आहे? म्हटलं, अजून काही नाही, पण येईल. सगळी योजना समजावून सांगितली. परवाना, प्रशिक्षण, काळी, लाकडी, सेकंडहँड. ती मधे एक शब्दही बोलली नाही. इतकं मन लावून माझं कोणी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. कठडा कुठाय? म्हटलं, त्याचंही चाललंय.

तेव्हा म्हणाली, बाबा, बंदूक येणार असेल तर मी आणि बाळ येणार नाही. या घरात दोन्हींतलं एकच येईल. तुम्ही ठरवा आणि मला कळवा.

आवाज चढवला नाही. बायको मागे उभी होती. मुलगी बाळाला घेऊन दुपारच्या गाडीने गेली.

दोन मिनिटं मी चरकलो. मग हसू आलं. माझीच मुलगी! घासाघीस रक्तात आहे. गिऱ्हाईकसुद्धा पायरी उतरून जातं आणि रस्त्यापलीकडून मागे वळून बघतं. तेवढ्यात हाक मारणारा दुकानदार कच्चा. तीस वर्षांत मी कोणाला हाक मारलेली नाही. पहिली किंमत ही कधी शेवटची नसते, आणि जो आधी तोंड उघडतो त्याचा तोटा होतो.

मी फोन करणार नाही. तिलाच करू दे.

२४ मार्च
फोन केला नाही. तिचाही आला नाही. चांगली ताणतेय. मनातून कौतुक वाटतं.

बायकोला मात्र रोज फोन येतो. स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. मी गेलो की बायको म्हणते, ठेवते गं. म्हणजे तिकडे चलबिचल सुरू झाली आहे. नरम येणारच.

२९ मार्च
बायको जेवताना म्हणाली, अहो, एक फोन करा तिला. वाट बघतेय ती. म्हटलं, बघू दे. वाट बघणाऱ्याचीच किंमत उतरते.  ती ताट उचलून आत गेली. पूर्ण जेवलीही नव्हती.

३ एप्रिल
गादीवाला दुकानात आला. काय शेठ, तुमच्या लेकीने माझ्याकडून तीन गाद्या फोनवर मागवल्या परवा. एक मोठी, एक बाळाची, आणि एक कडक, पाठदुखीवाल्यांची. पत्ता तिच्या ऑफिसजवळचा दिला. तुमच्याकडे राहणार होती ना?

म्हटलं, राहणारच आहे. गाद्या काय, लागतात माणसाला. सवलत मागितली का तिने? नाही म्हणाला. बघा, अजून कच्चीच आहे.

मुलीची पाठ कधीपासून दुखते हे विचारायला हवं. आमच्याकडे पाठ दुखते ती बायकोची.

योगायोग.

१० एप्रिल
परवाना अधिकारी घरी चौकशीला आला. गंभीर माणूस. कपाट बघितलं, बोल्ट हलवून बघितले, मान डोलावली. मग शेजारची खाट बघितली. खिळ्यावरची किल्ली बघितली. खाट, किल्ली, पुन्हा खाट. हे काय आहे? म्हटलं, सोय.

मग म्हणाला, आता घरातल्या दुसऱ्या व्यक्तीशी एकट्याने बोलायचं असतं. मला जिन्यात बसवलं. ऐकायचं नव्हतं, पण दार उघडंच होतं.

यांना राग येतो का फार? बायको म्हणाली, राग नाही येत साहेब. हट्ट येतो.

दारू? नाही. शेजाऱ्यांशी भांडण? तेवढी हिंमत नाही.

ही साक्ष मला फारशी आवडली नाही, पण पुढचं ऐका. त्याने विचारलं, घरात लहान मूल आहे का?  येणार होतं, बायको म्हणाली. आता नाही येणार.

नक्की? नक्की.

मग तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत. मूल असतं तर ही व्यवस्था पाहून मी हो म्हटलंच नसतं. आता माझी काही हरकत नाही.

मी जिन्यात बसल्याजागी सुन्न. माझ्यासाठी, माझ्या परवान्यासाठी, ही बाई सरकारी माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी माझ्या बाजूने अर्धा शब्द बोलली नव्हती. आणि चेहरा काय ठेवला होता, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं. मी तिला ओळखलंच नाही आजवर.

अधिकारी गेल्यावर म्हटलं, मानलं तुला. तिने विचारलं, कशाबद्दल? शेवटपर्यंत कबूल झाली नाही.

२९ एप्रिल
परवाना आला!

खरेदीही केली. तिसरी घेतली, सेकंडहँड. कपाटात इतका खर्च झाल्यावर पहिली आणि दुसरी आवाक्याबाहेर गेल्या होत्या, पण त्यामुळे नाही. वापरलेली वस्तू पारखलेली असते. काडतुसांचा एकच डबा घेतला. परवडणारी तर आहेच. भरवशाचीही असेल.

बंदूकवाल्याने सह्या घेताना बजावलं, काका, ही आता तुमची जबाबदारी. किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, बायकोच्याही नाही. चोरीला गेली तर गुन्हा तुमच्यावर, आणि तिने काही बरंवाईट झालं तर तेही तुमच्या डोक्यावर. म्हटलं, हे माझ्याकडून चोरायची कोणाची छाती आहे? तो पुन्हा खाली वाकला.

३ मे
बंदूक कपाटात. खोली भरल्यासारखी वाटते.

मुलीला कळवायची वेळ झाली असं बायको म्हणाली. म्हटलं, ती येईल तेव्हा बघेल की. येतेय ना या आठवड्यात.

बायकोने आतून बॅग आणली. भरलेली. म्हणाली, तिची नोकरी सोमवारी सुरू होतेय. बाळाला बघायला माणूस नको का? मी चालले. फ्रिजमध्ये दोन दिवसांचं जेवण आहे, गॅस बंद करत जा.

मी म्हटलं, अगं, पण ते लोक इथे येणार ना? तिने चपला घातल्या. मग दारात वळली आणि म्हणाली, आता घरात चोरण्यासारखं काही राहिलं नाही. निवांत झोपा.

५ मे
विचार केला. हे असं आहे: बायको मध्यस्थी करायला गेली आहे. सौदा अडला की दोन्हीकडच्या ओळखीचा माणूस मधे पडतो. आठवडाभरात तिघंही येतील. खाटेवरची धूळ पुसून ठेवली.

जेवण संपलं.

१३ मे
शेवटी मीच फोन केला. हार म्हणून नव्हे. माल पडून राहायला लागला की दुकानदाराने एक पाऊल मागे यायचं असतं.

मुलीला म्हटलं, बरं, तुझं नको, माझं नको. कपाट खाली हलवतो. किल्ली माझ्या कमरेला. कठडा या आठवड्यात, वेल्डर म्हणेल त्या पैशांत. बोल.

मागे बाळाचा आवाज येत होता, काहीतरी आपटत होता. मग म्हणाली, बाबा, मी घर भाड्याने घेतलंय. वर्षाचा करार झालाय. आईला इथे बरं वाटतंय.

म्हटलं, अगं, पण तू तर एकदाच बोललीस! पुन्हा काही म्हणालीच नाहीस! मी तुझ्या फोनची वाट बघत होतो.

ती म्हणाली, मी तुमच्या फोनची बघत होते. एकतीस मार्चपर्यंत. बाबा, ती किंमत नव्हती हो.

मग काय होतं ते तिने तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. आजकालच्या मुलांना व्यवहार कळत नाही.

फोन बराच वेळ हातात होता.

१५ मे
बंदूकवाल्याकडे गेलो. परत घेतोस का? घेतो की, निम्म्या किमतीत. पण कागदपत्रांना काही महिने जातील. घ्यायची परवानगी असते काका, तशी विकायचीही लागते. तोवर सांभाळा.

म्हटलं, तू तर मला एकाच हाताची म्हणाला होतास. तो म्हणाला, आता दोन हातांची झाली.

२२ मे
नवीन अडचण. दिवसभर मी दुकानात, घर रिकामं, बंदूक एकटी. बायको होती तेव्हा हा प्रश्न लक्षातच आला नव्हता. गल्ल्याला जे झालं ते हिला झालं तर मी सरळ तुरुंगात.

दुपारी दुकान बंद करून घरी चक्कर मारली. आहे. परत दुकानात आलो. संध्याकाळी पुन्हा चक्कर. आहे.

२७ मे
दुकान आता उशिरा उघडतो, लवकर बंद करतो, दुपारी उघडत नाही. गादीवाला म्हणाला, शेठ, चोरांना जे जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत.

१ जून
दुकान बंद ठेवलं. आठवडाभरच. घरात बसूनही कामं पुष्कळ आहेत. व्यायाम सुरू करायचा आहे.

बंदूक उघडून पुसली. मूठ पूर्ण मागे ओढायचा सराव केला, रिकाम्या बंदुकीवर. दोनदा अडकली.

४ जून
बायकोचा फोन. रविवारी बाळाचा वाढदिवस. पहिला. या म्हणाली. गाडीने तासभर तर लागतो. जेवायलाच या, हवं तर राहा. बाळ आता धरून धरून चालतं, एखादं पाऊल हात सोडूनही टाकतं. मी विचारलं, पोरीने बोलवायला सांगितलं का? म्हणाली, तिनेच तर सांगितलं, तुम्ही आधी फोन करणार नाही म्हणून मला करायला लावला.

येतो म्हणालो. नक्की येतो. काय आणू विचारलं. म्हणाली, स्वतःला आणा, बाकी काही आणू नका.

५ जून
एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बंदूकवाल्याला विचारलं, उद्या तुझ्याकडे ठेवू का? रविवारी दुकान बंद असतं काका. बरोबर घेऊन जाणं शक्य नाही, मुलगी दारातून परत पाठवेल.

गादीवाल्याला म्हटलं, उद्या दिवसभर माझ्या घरी येऊन बसशील का? किल्ली देणार नाही, नुसतं बसायचं. तो आधी हसला, मग मी थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. जरा जवळ सरकून म्हणाला, शेठ, जा हो नातवाकडे. चांगलं कुलूप लावा आणि जा. तुमच्याकडे काय कुलपांना तोटा आहे?

पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. 

नवा शर्ट काढून ठेवला आहे. सकाळची पहिली गाडी.

६ जून, रविवार
पहाटेच उठलो. दाढी, आंघोळ, शर्ट. दुकानातली सगळ्यात महागडी कुलपं काल घरी आणली होती. कपाटाला दोन, खोलीला दोन, बाहेरच्या दाराला तीन. ओढून बघितली. निघालो.

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ओढून बघितली. ठीक होती. पुन्हा निघालो. स्टँडवर पोचलो, तिकीट काढलं, खिडकीजवळची जागा मिळाली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी उतरलो.

गाड्या दर तासाला असतात.

ही कुलपं चांगली आहेत. मीच विकतो. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मला पाठ आहे. आज स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

बाराला बायकोचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती. तिने फोन बाळाच्या कानाला लावला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी हाक मारली. तो काहीतरी बोलला, मग त्याला कोणीतरी दुसरीकडे उचलून नेलं.

बायकोने विचारलं, कुठवर आलात? केक थांबवून ठेवलाय, किती वेळ लागेल अजून?

म्हटलं, तुम्ही जेवून घ्या.